आधी पाणी, मग कात्री

अंजनगाव सुर्जीत हमिदाआपांकडे ब्लाउज शिवायला टाकायचा, तर आधी बोलणी खायची तयारी हवी. सुती कापड पाण्यात भिजवून, वाळवून, पुरतं आटवल्याशिवाय त्या त्याला कात्री लावत नाहीत. पंचवीस वर्षांत हा नियम त्यांनी सख्ख्या नणंदेसाठीही मोडला नाही.

अशा बाईला अंडाशयाचा कॅन्सर निघाला. अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "गाठी पोटात पसरल्यात. आधी तीन केमो देऊन त्या लहान करू, मग ऑपरेशन, मग पुन्हा तीन केमो."

"पहिले काढून टाका ना, म्याडम. ठेवून काहून राहिल्या?" आपा हटून बसल्या. बाईंनी परोपरीनं समजावलं, पण व्यर्थ. आशा उरली नाही म्हणूनच ही डॉक्टरीण ऑपरेशन टाळते आहे, असं आपांच्या मनानं घेतलं. सोमवारी केमोला जायचंच नाही, अकोल्यात लगेच कापणारा डॉक्टर शोधायचा, हे त्यांनी एसटीतच ठरवून टाकलं. नवरा नियाज बिचारा घाबरून गेला होता, पण आपांपुढे त्याचं कधी चाललं होतं?

दुसऱ्या दिवशी शेजारची पौर्णिमा कापड घेऊन आली. "आपा, परवा लग्न हाय. भिजवू नका, सरळ कापा."

"अन् धुतल्यावर दंडात अडकलं तं माह्याच नावानं बोंबलशीन. पहिले आटू दे. आटल्यावर कुठं कापाचं ते बराबर समजते."

एवढं बोलून आपांनी कापड बादलीत बुडवलं. मग त्यांनी नियाजला हाक मारून सोमवारच्या अमरावतीच्या एसटीची वेळ विचारली.

केमोनं केस गेले. "ओढणीखाली कोनाले दिसते?" म्हणत आपांनी मशीन चालूच ठेवली. तिसऱ्या केमोनंतर स्कॅनमध्ये गाठी चांगल्याच लहान झालेल्या दिसल्या. ऑपरेशन झालं, दिसल्या तेवढ्या सगळ्या गाठी निघाल्या आणि नियाजचा जीव भांड्यात पडला.

चौथ्या दिवशी आपांनी आरसा मागवून पोटावरचे टाके तपासले. "सरळ हायत," त्यांनी पसंती दिली.

"मग माझा ब्लाउज शिवाल का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"शिवतो ना. पुढच्या केमोले येतो तवा कापड द्या. पन घाई कराची नाही, म्याडम."

"घाई तुम्हालाच झाली होती, आपा."

आपा लाजून हसल्या. फीत जवळ नव्हती, म्हणून खाटेवर बसूनच त्यांनी बाईंच्या दंडाचं माप वितीनं घेतलं.