नाडीवरचा रुमाल

दवाखान्याच्या बाकावर एक संशोधक मुलगी फॉर्म भरून घेत होती. "आजी, डॉक्टरांवर विश्वास किती? एक ते पाच सांगा."

"आधी आत तर जाऊ दे, बाई!" मी म्हटलं.

मला आई आठवली. आमच्या गावचे डॉक्टर आधी आडनाव विचारून जात ताडत, मग मनगटावर रुमाल टाकून आमची नाडी बघत. भिंतीवर प्रमाणपत्रं मात्र भरपूर. आई तापातही तीन मैल चालत नदीपलीकडच्या डॉक्टरांकडे जाई.

"औषध तेच मिळतं गं, वाटेत मरशील," मावशी चिडायची.

"ते माझ्या कपाळाला हात लावतात," आई म्हणायची.

रोगी तपासल्यावर डॉक्टरांनी हात धुवायलाच हवेत, हे मला आता कळतं. आई मात्र निघताना दारातून वळून बघायची, आणि त्यांनी ते धुतले नाहीत की निश्चिंत होऊन घराकडे चालू लागायची.