फळीवरचं उलटं नाव

नात छापते त्या चित्रांना येणारा काळ्या शाईचा वास नाकात गेला की मला अजून ती दुपार आठवते. पासष्ट सालच्या सुमारास आम्ही दुबईला खाडीकाठी राहायचो. आमचे हे गावी जाऊन रत्नागिरीहून लाँचने परत निघाले होते आणि ठरलेला दिवस उलटून चार दिवस झाले तरी पोचले नव्हते. शेजारी एक चिनी चित्रकार राहायचा, जहाज बिघडल्यामुळे अडकून पडलेला. लाकडी फळीवर चित्र कोरून तो कागदावर छापायचा. यांनी गावी जाताना त्याला लाँचचं चित्र करायला सांगितलं होतं आणि खाली घालायला स्वतःचं नाव उर्दूत लिहून दिलं होतं. त्या दुपारी त्याने कौतुकाने फळी दाखवली आणि मी मागे सरले. नाव उलटं कोरलं होतं. सोबत बसलेली गावचीच शेजारीण पुटपुटली, "अगो, ही करणी! असा माणूस परत येत नाही." मी फळी हिसकावून चुलीच्या जाळात टाकली. "रुको, बीबी!" म्हणत त्याने ती हातानेच बाहेर ओढली. भाजलेल्या बोटांनी शाई लावली, कागद ठेवून चमच्याने घासला, उचलला. नाव सरळ उमटलं होतं, फक्त पहिलं अक्षर जळून गेलं होतं. त्या जळक्या जागेकडे बघत मी बसून राहिले. हे दिवेलागणीला आले, हसतच. आता ते नाहीत, कागद भिंतीवर आहे. परवा सून त्याच्या समोर आरसा लावायला निघाली, तर नाव पुन्हा उलटं दिसेल म्हणून मी किंचाळलेच.