बॉम्बसाठी बांधलेला फेटा

दरबारची शिष्यवृत्ती घेऊन हे विलायतेला गेले, ते शिकून लगेच परतायचे होते. लढाई सुरू झाली आणि तिकडेच अडकले. पत्रं यायची, पण त्यांत तब्येत आणि हवापाणी. शेवटी देश स्वतंत्र झाला त्या साली घरी आले. केस निम्मे पिकलेले. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे आणि घरी आले की गप्प. जेवताना घास हातात धरून कुठंतरी बघत राहायचे. मी आधी रागावले, मग घाबरले. मला माझा नवरा परत हवा होता, आणि पाटावर बसलेला हा माणूस कोण, तेच मला कळत नव्हतं.

मामंजी तालमीचे वस्ताद. त्यांच्या पोटात काही राहील तर शपथ. एकदा त्यांनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा हे एवढंच बोलले, की अणुबॉम्बच्या कामावर पुष्कळ लोक खपत होते, त्यांतला मी एक. माझ्याकडे मोजमापं होती. संध्याकाळपर्यंत अख्ख्या पेठेला ठाऊक झालं, की वस्तादांच्या पोरानं बॉम्ब केला. लगोलग तालमीत सत्कार ठरला. मी नको म्हटलं. सुनेचं ऐकतील तर ते मामंजी कसले.

कुस्तीच्या हौद्यातली तांबडी माती ताक, लिंबू, तेल घालून नव्यानं मळली. ह्यांना फेटा बांधला आणि खांद्यावर गदा दिली, कुस्ती जिंकलेल्या मल्लाला देतात ती. ह्यांचा खांदा तो केवढा! गदा सावरताना पोरं हसली, मीही पदराआड हसून घेतलं. मग मामंजी बोलायला उभे राहिले. आधी बॉम्ब कोण करतो, यावर जर्मनांशी जंगी कुस्ती लागली होती आणि आपल्या गड्यानं ती मारली, असं त्यांनी झकास रंगवून सांगितलं. टाळ्या पडल्या.

ह्यांनी गदा खाली ठेवली. म्हणाले, "समोर कोणी नव्हतंच, आबा. जर्मनांचं काम कधीच मागं पडलं होतं. हौद्यात आम्ही एकटेच होतो."

समोर लढायला जोडीदार आलाच नाही, तर मल्ल माती कपाळाला लावून हौद्याबाहेर येतो. पोरांना हेच शिकवण्यात मामंजींचा जन्म गेला होता.

"ह्ये तुला कवा कळलं?" त्यांनी विचारलं.

"जर्मनी हरली तेव्हा. बॉम्ब अजून पडायचा होता."

"मग भाईर का आला न्हाईस?"

मला वाटलं, वरून हुकूम होता म्हणतील, जपानशी लढाई चालूच होती म्हणतील. तसं काहीतरी म्हणावं, म्हणून मी मनात अंबाबाईला विनवत होते.

"काम फार छान जमत आलं होतं, आबा," हे म्हणाले. "शेवट बघावासा वाटला."

मामंजींनी स्वतःच्या हातांनी ह्यांचा फेटा उतरवला आणि त्याची घडी घातली. पेढे आणलेच होते, ते वाटले गेले. लोकांनी खाल्लेही.

त्यानंतर हे हळूहळू बोलायला लागले. माझा नवरा मला परत मिळाला म्हणायचा. शेजाऱ्यांचे रेडिओ दुरुस्त करून द्यायचे. एखादा बिघाड सापडायला आला की मान खाली घालून, शीळ घालत त्यात बुडून जायचे. मी चहा घेऊन उभी असले तरी त्यांना पत्ता नसायचा. किती सुखी दिसायचे तेव्हा! त्या सुखाचीच मला जन्मभर भीती वाटत राहिली.