टॉन्सिलचा तुकडा

माझ्या बायकोशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. तेवीस वर्षं ती रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मेणात बसवलेल्या गाठींचे काप काढते. केसाहून पातळ काप कोमट पाण्यावर सोडायचा, काचेवर अलगद झेलायचा, मग रंग चढवायचा. घरी काकडीसुद्धा तशीच कापते. वाट बघून भूक मरते.

माझ्या धाकट्या भावाचा आतड्याचा कॅन्सर यकृतात पसरला. तिथल्या गाठीचा काप हिनेच काढला. शरीराच्या लढणाऱ्या पेशी गाठीत किती शिरल्यात ते त्या रंगावरून कळतं. भरपूर असल्या तर माणूस जास्त काळ तग धरण्याची आशा. अहवाल आला: भरपूर. भाऊ नुसता फुलला. "आता दोन महिने औषधाला सुट्टी," म्हणाला. त्याचे डॉक्टरही "बघू" म्हणाले. आई कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

आणि ही बाई अहवालातला फोटो नाकाला लावून बसली.

"हे भाऊजींचं नाहीच. हा टॉन्सिल आहे."

रंग नीट चढला की नाही हे कळावं म्हणून प्रत्येक काचेच्या टोकाला ती दुसऱ्याच कुणाच्या टॉन्सिलचा तुकडा लावते. त्यात या पेशी खच्चून भरलेल्या असतात. प्रयोगशाळेतल्या नव्या डॉक्टरने घाईघाईत त्यातल्याच पेशी मोजल्या होत्या.

"गप्प बस," मी म्हणालो. "चार दिवस सुखाचे जाऊ देत त्याचे."

"आणि औषध थांबलं तर?"

"तुला कुणी विचारलंय?"

कुणीच विचारलं नव्हतं. तरी गेली. त्या डॉक्टरशी हुज्जत घातली, काच पुन्हा बघायला लावली, अहवाल बदलून आणला. सुट्टी रद्द. आई हिच्याशी बोलेना. मला तर इतका वैताग आला होता की मी हिच्या हातचा चहाही घेतला नाही.

तीन दिवसांनी भाऊ दारात उभा.

"वहिनी, माझ्यात किती होत्या?"

"थोड्या."

"थोड्या म्हणजे?"

"बोटांवर मोजण्याइतक्या, भाऊजी."

तो खुर्चीत बसला आणि बराच वेळ बुटाची नाडी सोडत राहिला. मला राहवेना. "अरे, असल्या आकड्यांचं काही खरं नसतं..."

त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"सोमवारी औषधाला तू चल बरोबर," तो हिला म्हणाला. "दादाला नको आणूस. तो खोटं बोलतो."