विष्णुपंतांच्या पुस्तकाचा अर्थ

विष्णुपंत गेल्याचं कळलं तेव्हा मी ठाण्याच्या शाळेत वर्गावर होतो. निरोप्या म्हणाला, ताप होता. असेल... ताप निमित्त झाला. माझ्या या मित्राला त्याच्या पुस्तकानं मारलं, असं मी आजही म्हणतो.

कादंबरी त्यांनी एकच लिहिली. तिच्यातली बालविधवा सासरी छळ सोसते आणि एका पहाटे विहिरीच्या काठावर तिची घागर तेवढी सापडते. वाचणाऱ्याला लाज वाटावी, एवढाच पंतांचा हेतू. पुस्तक छापून आलं आणि त्यांची लेक द्वारका कल्याणला सासरी विधवा झाली. तिचे सासरे बापूसाहेब रोज दुपारी घरातल्या बायकांना पोथी वाचून अर्थ सांगत. व्याह्यांचं पुस्तक म्हणून त्यांनी तेही चौरंगावर ठेवलं, फूल वाहिलं, वाचलं. मग म्हणाले, "घराण्यासाठी तिनं प्राण दिला. तुला नुसते केस द्यायचेत, सूनबाई."

हे कळताच पंत मला घेऊन कल्याणला धावले. "बापूसाहेब, हे मी लिहिलंय. याचा अर्थ असा नाही हो!"

"मग तुम्हीच सांगा की. बसा."

पंत बसले, घसा कोरडा होईतो बोलले. बायकांनी हात जोडून ऐकलं, पुस्तकाला नमस्कार केला. थोरल्या आत्याबाई डोळे पुसत म्हणाल्या, "काय साध्वी हो, पंत!" मला असा संताप आला... पंतांनी द्वारकेला घेऊन जातो म्हटलं तर बापूसाहेबांनी साफ नकार दिला. दुसऱ्या दिवशी न्हावी आला. पंतांनी त्यानंतर लेखणी धरली नाही. "मी तिला विहिरीपाशी नेलीच का?" एवढंच म्हणत राहायचे.

पंतांच्या तेराव्याला द्वारका ठाण्याला आली. पदर कपाळापर्यंत ओढलेला. बापूसाहेबांचा गडी ओसरीवर बसला होता.

"काका, बाबांच्या पुस्तकातली ती मेली, असं तुम्हीही धरून चाललात?"

"म्हणजे?"

"घागर काठावर होती. ती पोर विहिरीत सापडली, असं बाबांनी कुठं लिहिलंय? मी रोज ऐकत होते."

"अगं, पण त्यांच्या मनात..."

"त्यांच्या मनात असेल." तिनं ओसरीकडे एकदा पाहिलं. "काका, पुण्याची गाडी इथं थांबते?"

मी गड्याला पानतंबाखू दिली, जेवूनच जा म्हटलं, आणि द्वारकेला मागच्या दारानं स्टेशनावर नेलं. ती कुठं आहे, ते सांगणार नाही. बापूसाहेब हे वाचतीलच. अर्थ त्यांनी हवा तो लावावा.