बावीस जण गुडघ्यावर आणि मी माईकवर

हे सांगू की नको, असा मी चहा येईपर्यंत विचार करत होतो. पण आता चहाही आला आणि तुम्हीही ऐसपैस बसलात, तर माझ्याच तोंडून ऐका. मारेगावात दुसऱ्या कोणाला विचाराल, तर तो यात आणखी दोन माणसं मारेल.

माझं शिलाईचं दुकान आहे, म्हणून सगळे मला मास्तर म्हणतात. पण गावात मला ओळखतात ते माईकमुळे. गणपतीची आरती, लग्नातली 'जेवण करूनच जावे' ही विनंती, हरवलेली म्हैस, कोणी वारलं तर अंत्ययात्रा किती वाजता निघणार, सगळं माझ्याच आवाजात. आणि दरवर्षी सोयाबीन निघालं की मैदानावर फुटबॉलचे सामने होतात, त्यांचं समालोचनही माझ्याकडेच. आता फुटबॉलमधलं मला काय कळतं? चेंडू जाळ्यात गेला की गोल, एवढं कळतं. बाकीची नव्वद मिनिटं मी तोंडाच्या जोरावर निभावतो.

लोकांना मात्र माझं समालोचन आवडायचं. कारण मी एकेका खेळाडूला नाव ठेवायचो. उंच पोरगा असला की 'लाइटचा खांब'. बुटका असला की 'वाटाणा'. एका गोलकीपरच्या हातात चेंडू टिकायचा नाही, तो 'भोकाची बादली'. आणि आमच्या मारेगावच्या संघात एक पोरगा होता, रंगानं चांगलाच काळा आणि पळायला भलता तेज. त्याच्याकडे चेंडू गेला की मी ओरडायचो, "सुटली, सुटली, वणीहून कोळशाची मालगाडी सुटली!" मैदान हसून लोळायचं. तीन वर्षं हे चाललं होतं. पोरगाही हसायचा. म्हणजे मला तसं वाटायचं. स्टेजवरून दात दिसले की माणूस हसतोय, असंच वाटणार ना?

गेल्या वर्षी सेमीफायनलला माझ्याकडून एक घोळ झाला. गोल कोणी केला तेच मी उलटं सांगितलं आणि पाच मिनिटं भलत्याच लोकांनी फटाके फोडले. स्पर्धेचे अध्यक्ष नामदेवराव, त्यांनी मला मंडपामागे नेलं.

"मास्तर, फायनलले एक जरी घोळ झाला न, तर माईक काढून घेतो. मंग मोबाइलवर गाणे लावून देऊ, चालते लोकायले."

हे मला फार लागलं. पंचवीस वर्षं मी तो माईक धरतोय. तो गेला तर माझ्याजवळ काय उरतं? कात्री आणि टेप. रात्रभर झोप नाही. सकाळी देवापुढे हात जोडून सांगितलं की आज मी फक्त दिसेल तेच बोलीन.

फायनल होती मारेगाव आणि पांढरकवड्याची. अख्खं मैदान भरलं होतं. स्टेजवर मानाच्या खुर्च्या, त्यातली एक रिकामी. ती बापूजींची. दरवर्षी विजेत्यांची ढाल बापूजी देतात, ऐंशीच्या घरातले आहेत, आणि दोन दिवसांपासून त्यांना ताप होता. पाहुण्यांनी खेळाडूंशी हात मिळवले, नामदेवरावांनी नारळ फोडला. पंचानं शिटी तोंडात धरली.

आणि एकदम बावीसच्या बावीस पोरं एक गुडघा टेकवून खाली बसली.

एक बसला असता तर म्हटलं असतं, बुटाची नाडी सुटली. पण बावीस जणांची एकदम? मग वाटलं, कोणाचा तरी ताईत पडला, सगळे मिळून शोधत आहेत. पण ते तर जागचे हलत नव्हते. मग दुपारच्या जेवणातली आलूची भाजी आठवली, ती जरा कच्ची होती. म्हटलं, झालं, पोरांनी उपोषण धरलं. एवढ्यात पंचही शिटी खिशात घालून गुडघ्यावर बसला. पंच तर आमच्याकडे जेवलाही नव्हता.

"मास्तर, काय करून राह्यले हे?" नामदेवरावांनी दबक्या आवाजात विचारलं. "बोला न काई. सारे तुमच्याकडं पाहून राह्यले."

मी परत पाहिलं. सगळ्यांच्या माना खाली, कोणी बोलत नाही, पाखरू फडफडलं तरी ऐकू येईल. आता तुम्हीच सांगा, आपल्या भागात हे दृश्य कधी दिसतं? पंचवीस वर्षांत मी ते शेकडो वेळा पाहिलंय आणि दर वेळी माझ्या तोंडून एकच वाक्य निघालंय. मी ठरवायच्या आधीच ते निघून गेलं.

"सर्वांना नम्र विनंती आहे, आपापल्या जागी उभं राहून दोन मिनिटं मौन पाळावं आणि दिवंगत आत्म्यास श्रद्धांजली अर्पण करावी."

सगळं मैदान उभं राहिलं. लोकांनी टोप्या काढल्या. भेळवाल्यानं चाळणी खाली ठेवली.

नामदेवरावही मान खाली घालून उभे होते. तसेच कुजबुजले, "कोण गेलं, मास्तर?"

"तुमाले माहीत असन."

"मले कुठून माहीत?"

मग आम्ही दोघांनी एकाच वेळी त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "बापूजी?" मी हळूच म्हटलं. हळूच म्हटलं, पण माईक तोंडापुढेच होता. बायकांच्या बाजूला कोणीतरी रडायला लागलं.

पुढचं मला नंतर कळलं. त्याच वेळी ताप उतरलेले बापूजी शाल पांघरून फाटकातून आत आले. पाहतात तो सगळे मौन पाळून उभे. त्यांनीही टोपी काढली, मान झुकवली आणि शेजारच्याला विचारलं, "कोण गेलं, बाबू?"

तो डोळे मिटूनच म्हणाला, "बापूजी."

"कोणते?"

"ढालवाले."

"अरेरे," बापूजी म्हणाले आणि अर्धा मिनिट मनापासून उभे राहिले म्हणे. मग त्यांच्या लक्षात आलं.

मी डोळे उघडले तेव्हा ते काठी आपटत स्टेजच्या पायऱ्या चढत होते. माझ्यापुढे आले आणि म्हणाले, "मास्तर, माराच्या आधी घोटभर पाणी तर पाजाचं होतं."

जो काही हशा झाला, तो काय सांगू. नामदेवराव मात्र हसले नाहीत. त्यांनी हात पुढे केला. "आना तो माईक."

मी माईक छातीशी धरला. एवढ्यात आमच्या संघाचा कॅप्टन रोशन पळत स्टेजवर आला.

"काका, श्रद्धांजली नोहे ते. टीवीवर विदेशातल्या मॅची पाहता न? तिकडं मॅचच्या आधी खेळाडू असे गुडघा टेकवते. कातडीच्या रंगावरून कोणाले हिणवू नये, म्हणून. आमी दोन्ही टीमनं मिळून ठरवलं."

"मंग आधी काहून नाही सांगतलं, लेका?"

"तुमी माईक देता कोणाले?"

मला वाटलं, वाचलो. हे नीट सांगितलं तर माईक आपलाच. मी नामदेवरावांना हातानंच थांबवलं आणि घसा साफ करून सगळं सांगितलं. खेळाडूंचा विचार किती मोठा, मारेगावचं नाव कसं उंचावलं वगैरे.

पुढे बसलेल्या कॉलेजच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मागून शिट्ट्या आल्या. "विदेशातले नाटकं इथं कायले?" एक जण ओरडला. "खेळा न, बाप्पा, अंधार पडन!" दुसरा म्हणाला, "अन् इथं गोरं आहेच कोण? साऱ्या मैदानात एक ते चुन्याची लाइन गोरी आहे."

लोक हसले. तेवढ्यात बायकांमधून एक जण ताडकन उभी राहिली. "माह्या पोरीले पाहाले आलते, तवा रंगच पाह्यला होता न तुमी? पोह्याची प्लेट खाली ठेवून उठले होते."

ती कोणाला बोलली कोण जाणे, पण मागच्या चार-पाच जणांनी माना खाली घातल्या. शिट्ट्या बंद झाल्या.

मला तर स्फुरणच चढलं. मी आवाज चढवला. "बरोबर आहे, बाई! आणि आमच्या खेळाडूला ज्या कोणी रंगावरून हिणवलं असेल, त्यानं आत्ताच्या आत्ता समोर यावं. लाज नाही वाटत? घरी हेच शिकवलं का तुला?"

रोशन माझा सदरा ओढत होता. "काका, पुरे."

"पुरे कसं? नाव सांग त्याचं. चारचौघांत उभा करतो त्याले."

रोशन आपल्या बुटांकडे पाहायला लागला. नामदेवराव आभाळाकडे पाहायला लागले. बापूजींना एकदम खोकला आला. मला काही समजेना. मी पुन्हा गरजलो, "कोण आहे तो?"

आणि मागून एक आवाज आला, अगदी सावकाश, हुबेहूब माझ्या चालीत. "सुटली, सुटली, मालगाडी सुटली."

मी खाली पाहिलं. पोरं अजून बसलेलीच होती, रग लागली म्हणून आता दुसऱ्या गुडघ्यावर. त्यांच्यात तो पोरगा सरळ माझ्याकडे पाहत होता. तीन वर्षांत मी त्याचा चेहरा पहिल्यांदा नीट पाहिला. तो हसत नव्हता. कधीच हसला नसावा.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाय आपोआप स्टेजवरून उतरले, मैदानात गेले. हातात माईक होताच. म्हटलं, जे बोललो ते सगळ्यांदेखत बोललो, माफीही सगळ्यांदेखतच मागायची.

"माझी चूक झाली," मी म्हणालो. "मी माफी मागतो आमच्या या गुणी खेळाडूची, या... या आपल्या..."

नाव येईना. येईल कुठून? कधी घेतलंच नव्हतं.

"प्रमोद," मागून रोशन म्हणाला.

"प्रमोदची," मी म्हणालो आणि त्याच्यासमोर एक गुडघा टेकवला. त्या वेळी लोकांनी ज्या टाळ्या वाजवल्या, तशा मला जन्मात मिळाल्या नाहीत. पोरं उठली. पंच उठला. मी उठायला गेलो.

आता माझं वजन मी तुम्हाला सांगत नाही. टेकवताना गुडघा खाली गेला, पण वर यायचं नाव घेईना. एक हात जमिनीवर टेकवला, तर दुसऱ्या हातात माईक. प्रमोदनं माझं बखोट धरलं, पण तो पडला किडकिडीत. तेवढ्यात गर्दीतून आवाज आला, "अबे, ढोल्याले उचला न दोघं-तिघं मिळून!"

माझ्या डोक्यात सणक गेली. "कोण बोललं ते?" मी बसल्या बसल्या ओरडलो. "समोर ये! कोणाच्या अंगावरून असं बोलतात का? माणसाले मन नसते का?"

माईक चालूच होता. शब्द न् शब्द चारी भोंग्यांतून गेला. आणि मग माझा आवाज मलाच ऐकू आला.

सगळ्यात आधी प्रमोद हसला. माझं बखोट धरूनच हसला, आणि या वेळी मी अगदी जवळून पाहत होतो, खरंच हसला. मग सगळं मैदान. नामदेवराव इतके हसले की माईक काढून घ्यायचं त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही. सामनाभर मी बावीस जणांची नावं कागदावर लिहून, एकेक वाचून समालोचन केलं. प्रमोदनं दोन गोल केले आणि दोन्ही वेळा मी नुसतं 'प्रमोद' म्हणालो.

माईक माझ्याकडेच राहिला. यंदाच्या स्पर्धेचं पोस्टर परवा चौकात लागलं. सगळ्या खेळाडूंची नावं नीट छापलेली. आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरांत, 'समालोचन : ढोल्याभाऊ'.

मी तणतणत छापखान्यात गेलो. मालक जुना ओळखीचा, पंधरा वर्षं त्याच्या पँटी मीच शिवतो. म्हटलं, "हे काय छापलं? माणसाले काही नाव असते का नाही?"

"चुकलं, मास्तर," तो म्हणाला. "समितीनं जे देल्लं ते छापलं. आत्ता बदलतो. सांगा, काय टाकू?"

मी माझं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. त्यानं ते कागदावर लिहून घेतलं, चष्मा वर करून एकदा वाचलं आणि मला विचारलं, "अन् हे कोण व्हय, मास्तर?"