वरच्या खोलीतली मेट्रो

थर्माकोलचे बारीक गोळे आणि आमच्या घरातले किस्से, दोन्ही सारखेच. कितीही झाडा, चार दिवसांनी डाळीच्या डब्यात एखादा सापडतोच. लग्न होऊन मी इंदिरानगरच्या या घरात आले त्याला आठ महिने झाले. मी बोलते कमी, त्यामुळे माझ्याकडे साठा बराच.

*

लग्नाआधी आम्ही घर बघायला आलो तेव्हा वरच्या खोलीला कुलूप होतं. माझ्या मम्मीनं विचारलं, "वर काय आहे?"

सासरे, म्हणजे अण्णा, म्हणाले, "काही नाही." त्याच क्षणी अमोल, माझा होणारा नवरा, म्हणाला, "स्टोअररूम."

मम्मीला एवढं पुरलं. इगतपुरीला पोचल्या पोचल्या तिनं मामाला चौकशीवर सोडलं. मामा बातमी घेऊन आला, "दर रविवारी तीन म्हातारे वर जातात, दार लावून घेतात, आणि आतून भांडल्याचा आवाज येतो."

मम्मी म्हणाली, "दारू असेल. बरं झालं, ती सुटते तरी."

*

दारू नव्हती. नाशिकची मेट्रो होती. भिंतीपासून भिंतीपर्यंत प्लायवूड, त्यावर तीन लाइनी, स्टेशनं, लाल-हिरवे दिवे. अण्णा रेल्वेत सिग्नलचं काम करून रिटायर झालेले. "खरी मेट्रो येईल तेव्हा येईल, तोवर थांबायचं कुणी?" म्हणून ही. सोबतीला दोन मित्र: निकम सर, चित्रकलेचे माजी शिक्षक, आणि सलीमचाचा, टेलर.

पहिल्याच महिन्यात अण्णांनी मला त्या खोलीची दुसरी किल्ली दिली. माझा बँकेच्या परीक्षेचा अभ्यास चालू, खाली टीव्ही आणि पाहुणे. "दुपारी वर बसत जा," म्हणाले. घरातलं बाकी सगळं त्या घराचं होतं. ही किल्ली तेवढी माझी.

*

निकम सर पाथर्डी फाट्याला राहतात. मेट्रोचं पाथर्डी फाटा स्टेशन दर रविवारी थोडं सरकलेलं असायचं. बोटभर सरकलं की सरांचं घरापर्यंतचं चालणं अर्ध्यावर यायचं.

अण्णांनी प्रत्येक स्टेशनाभोवती पेन्सिलीनं रेघ मारून ठेवली.

पुढच्या रविवारी स्टेशन रेघेच्या आत नीट होतं. रेघच सरकली होती. शेडिंगसकट.

*

सलीमचाचांचं दुकान वडाळा नाक्यावर. त्यांचा संशय वेगळा. त्यांच्या लाइनीवरची गाडी लाल दिव्याला हटकून थांबायची, इंदिरानगरची सुळकन जायची. एक पूर्ण रविवार ते हातात घड्याळ घेऊन बसले.

अण्णा म्हणाले, "वायरिंगमध्ये दोष आहे, चाचा."

"असेल ना. पण दोषाला तुमचा पत्ता बरोबर पाठ आहे."

*

मधल्या काळात स्वयंपाकघरातल्या हिरव्या घासण्या गायब व्हायला लागल्या. सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, भांडीवाल्या मंदाताईंवर डोळा ठेवला. रोज जाताना त्यांच्या पिशवीकडे बघायचं, आणि बघत नाही असं दाखवायचं.

एक दिवस मी आईंना मोबाईलवर एक फोटो दाखवला. गंगापूर रोड स्टेशनामागे द्राक्षाची बाग, ओळीनं, चांगली बहरलेली. चाचांनी कात्रीनं कापलेल्या आमच्या घासण्या.

आईंनी मंदाताईंना चहा दिला, वर दोन बिस्किटं. मंदाताईंनी ती खाल्ली आणि म्हणाल्या, "चहा ठीक हाय वहिनी, पण भांडी कशानं घासू?"

*

शेजारचे बोरसेकाका एकदा खिडकीतून डोकावले आणि गल्लीभर बातमी झाली, की अण्णांकडे मेट्रोचा खरा नकाशा आहे. दुसऱ्या दिवशी काका लेखी अर्ज घेऊन हजर: आमच्या गेटसमोर पिलर नको.

अण्णांनी सरळ सांगायचं ना, की हे खेळणं आहे. त्यांनी अर्ज ठेवून घेतला, पोच दिली, पंधरा दिवसांनी उत्तर दिलं: "तांत्रिक कारणास्तव अमान्य."

काका अजून आमच्याशी बोलत नाहीत.

*

आणि मग ते स्टेशन उगवलं. प्लायवूडच्या अगदी टोकाला, लाइन संपते त्याच्याही पुढे. काडेपेटीचा फलाट, त्यावर एक बाक. नाव नाही.

अण्णा म्हणाले, मी नाही. चाचा म्हणाले, कसम से नाही. निकम सरांनी नुसती मान हलवली. अमोल कंपनीच्या कामानं तेव्हा पुण्यात होता. मग तिघांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं.

"सूनबाई, राग मानू नका," निकम सर म्हणाले, "पण दुसरी किल्ली तुमच्याकडेच असते. छडा लागेपर्यंत ती इथे टेबलावर असू द्या."

रेघा सरकवणारा माणूस मला हे सांगत होता. परीक्षेला तीन आठवडे उरले होते. मी अण्णांकडे पाहिलं. ते दिव्याची वायर तपासत होते. मी किल्ली टेबलावर ठेवली.

"हे काढून टाकू," अण्णा म्हणाले आणि त्या फलाटाकडे हात नेला.

"राहू दे ते."

दारात आई उभ्या होत्या. गुडघ्यांमुळे आई जिना चढत नाहीत, असं मला या घरात पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. त्यांना धाप लागलेली नव्हती.

"मी तिथं उतरते," आई म्हणाल्या.

अण्णा म्हणाले, "अगं, पण तिथं काहीच नाहीये. घर नाही, बाजार नाही, आपलं कुणी नाही."

"म्हणूनच," आई म्हणाल्या. टेबलावरची किल्ली उचलून त्यांनी माझ्या हातात दिली आणि कठड्याला हात न लावता खाली गेल्या.